फरशीची धूळ

"हा कुठल्या प्रकारचा?" वर्षाराणीनं तांबूस, दाणेदार तुकडा वर धरला, तसा सहावीचा अर्धा वर्ग एका सुरात म्हणाला, "ग्रॅनाईट."

"ते दुकानातलं नाव झालं. मी प्रकार विचारला."

मागच्या बाकावरून कुणीतरी दबकत "अग्निज" म्हणालं आणि तिनं मान डोलावली. नायगावच्या त्या छोट्या खाजगी शाळेत खडकांच्या नमुन्यांची पेटी नव्हती, आणि वर्षाराणीचं तिच्यावाचून कधी अडलंही नव्हतं. तिचा नवरा वीरेश घरोघर स्वयंपाकाचे ओटे आणि फरश्या बसवायचा. कापून उरलेले तुकडे तो कडा घासून, पोरांच्या हाताला लागणार नाहीत असे करून तिला आणून द्यायचा. त्यामुळे पुस्तकातले तिन्ही प्रकार तिच्या टेबलावर हजर असायचे. मुलं ते हातात घेऊन फिरवायची, गालाला लावून बघायची, एखादा गुपचूप जीभही लावायचा.

हा धडा शिकवायला तिला मनापासून आवडायचं. शिलारस जमिनीच्या पोटात खोलवर सावकाश थंड होत गेला, की त्यातल्या कणांना मोठं व्हायला सवड मिळते. म्हणून ग्रॅनाईटमध्ये हे काचेसारखे दाणे दिसतात, असं ती सांगायची. आपल्या विहिरीत लागतो तो काळा पाषाणही आगीतूनच आलेला, पण तो लाव्हा वर येऊन पसरला, लवकर निवला, म्हणून त्याचे दाणे नजरेला दिसत नाहीत. मग ती शहाबादी फरशीचा तुकडा उचलायची. पाण्याच्या तळाशी गाळ बसतो, थरावर थर चढतात, वरच्या ओझ्यानं खालचे दाबले जातात आणि त्यांचा दगड होतो. हा स्तरित. आणि असाच एखादा चुनखडक जमिनीत खोल गेला, उष्णतेनं आणि दाबानं आतल्या आत बदलला, की त्याचा संगमरवर होतो. तो रूपांतरित.

त्या दिवशी पहिल्या बाकावरच्या लुंबिनीनं हात वर केला. शंका काढण्यात त्या पोरीचा हात कुणी धरत नसे. "मॅडम, खाली गाळ बसायला लागला हे वरून कळतं का?"

वर्षाराणीला प्रश्न आवडला. "नाही गं. वरून पाणी नितळच दिसतं," ती म्हणाली.

तेवढ्यात शाळेचा शिपाई शेषेराव दारात येऊन उभा राहिला. ऑफिसात तिच्यासाठी फोन आला होता. वीरेशचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण वीरेशनं शाळेत कधी फोन केला नव्हता. ती खडू हातात तसाच घेऊन धावली.

फोनवर वीरेशचा आवाज ओळखू येत नव्हता. त्याचा कामातला जोडीदार मलप्पा पडला होता. नांदेडला एका नव्या बंगल्याचं काम चालू होतं, तिथं जिन्यात ग्रॅनाईटची फरशी घेऊन चढताना त्याला दम लागला, तो पायरीवर बसला आणि बसल्या जागीच कलंडला. ओठ निळे पडले होते. त्याला दवाखान्यात नेलं होतं. "तू नीलाबाईला घिऊन ये," वीरेश म्हणाला. "तिला एकटीला काई समजायचं न्हाई. तू पायजे."

मलप्पा आणि वीरेश शिरूर अनंतपाळजवळच्या एका गावातले, एका गल्लीतले. दोघांची जमीन थोडी, भाऊ पुष्कळ. मिसरूड फुटायच्या आत दोघं गाव सोडून नायगावला आले, कारण या बाजूला सिमेंटची घरं भराभर उठत होती आणि फरशी कापणारे हात कमी होते. तेव्हापासून एक जण कापायचा, दुसरा बसवायचा, दुपारून उलट. मलप्पा खोकायला लागला त्याला दोन-तीन पावसाळे झाले होते. टीबी असेल म्हणून त्यानं एकदा सोडून दोनदा गोळ्यांचा पूर्ण कोर्स केला. खोकला काही गेला नाही. "अंगातच मुरलाय त्याच्या," असं त्याची बायको नीलाबाई शेजारणींना सांगायची, जसं एखाद्याच्या तापट स्वभावाबद्दल सांगावं.

वर्षाराणी नीलाबाईला काळी-पिवळी जीपमधून नांदेडला घेऊन गेली. दवाखान्यात मलप्पा नाकाला ऑक्सिजनची नळी लावून उशीला टेकून बसला होता. त्याच्या छातीची वरखाली चाललेली ओढ लांबूनसुद्धा दिसत होती. बायकोला बघून त्यानं हात हलवला आणि उगीच हसला.

छातीच्या डॉक्टर मध्यम वयाच्या बाई होत्या. त्यांनी मलप्पाचा एक्स-रे समोरच्या काचेवर लावला, बराच वेळ बघितला आणि हा काय काम करतो म्हणून विचारलं. वीरेशनं सांगितलं. ग्रॅनाईट, मार्बल, शहाबादी, जे गिऱ्हाईक म्हणेल ते. आणि आता मोठ्या बंगल्यांत क्वार्ट्झ म्हणून नवा बनवलेला दगड चालून राहिलाय, तोही. मशीन कुठं लावता, तोंडाला काय बांधता, असं डॉक्टर विचारत गेल्या. मशीन असेल तिथंच, घरातल्या घरात. तोंडाला रुमाल.

मग त्यांनी नीलाबाईला समोर बसवलं आणि सावकाश सांगितलं. हा टीबी नव्हता. फोटोत तो टीबीसारखा दिसू शकतो, त्यामुळे चूक होते. ग्रॅनाईटमध्ये जे काचेसारखे दाणे असतात ना, ती गार, म्हणजे गारगोटी. कापताना तिचं पीठ होतं, पिठाहूनही बारीक. रुमालातून ते आरपार जातं आणि फुफ्फुसात खोल जाऊन बसतं. शरीराला ते विरघळवता येत नाही आणि बाहेरही टाकता येत नाही. मग फुफ्फुस त्या कणाभोवती गाठ बांधतं. कण येत राहतात, गाठी वाढत राहतात, एकमेकींना चिकटतात, आणि श्वासाला जागाच उरत नाही. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. संगमरवरात आणि शहाबादीत ही गार थोडी असते, ग्रॅनाईटमध्ये भरपूर, आणि त्या नव्या क्वार्ट्झमध्ये तर जवळपास सगळी तीच.

वर्षाराणी भिंतीला टेकून ऐकत होती. काचेसारखे दाणे, हे तिचेच शब्द होते. सकाळीच ती वर्गात ते बोलली होती.

नीलाबाईनं पदर नीट केला. "मंग त्या येवढ्या गोळ्या कशाच्या खाल्ल्या त्यांनी?"

डॉक्टरांनी तिच्या हातावर हात ठेवला. झालेल्या गाठी विरघळवणारं औषध नाही, एवढंच त्या म्हणाल्या. ऑक्सिजन लावून त्रास कमी करता येईल.

नीलाबाई उठून नवऱ्याच्या खाटेकडे गेली. डॉक्टरांची नजर मग वीरेशवर स्थिरावली. त्याच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, मनगटावरच्या केसांवर पांढरी धूळ तशीच होती. मलप्पाला उचलून आणायच्या गडबडीत त्यानं तोंडही धुतलं नव्हतं.

"तुम्ही किती वर्षं करता हे काम?"

"सोबतच लागलो आम्ही," वीरेश म्हणाला.

त्यांनी त्यालाही फोटो काढायला सांगितलं. वीरेश चक्क हसला. मला काय झालंय, मी तर फरशी खांद्यावर घेऊन तीन मजले चढतो, असं म्हणाला. खोकला नाही, ताप नाही, जेवण व्यवस्थित. वर्षाराणीनंही तेच सांगितलं, वर म्हणाली की आमच्या घरी सर्दी झाली तरी ती मलाच होते. पण डॉक्टर ऐकेनात, तेव्हा बाईंचं मन राखावं म्हणून तो गेला आणि शर्टाची बटणं लावत परत आला. येताना त्यानं मलप्पासाठी नारळपाणीही आणलं.

थोड्या वेळानं डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं. काचेवर फोटो लावलेला होता. फासळ्यांमधल्या काळ्या जागेत दोन्ही बाजूंना, वरच्या अंगाला जास्त, रवा सांडावा तसे पांढरे ठिपके. वर्षाराणीला वाटलं, बाईंना आणखी काही समजावून सांगायचंय.

"हा मलप्पाचाच ना?" तिनं विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हा तुमच्या मिस्टरांचा."

फोटोच्या कोपऱ्यात नाव होतं. तिनं ते वाचलं, मग पुन्हा वाचलं. नाव वीरेशचंच होतं, खाली वयही त्याचंच. बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याच्या चाकांची करकर तिला खूप लांबून आल्यासारखी ऐकू आली. डॉक्टरांचे ओठ हलत होते आणि तिला त्यातलं काहीच समजत नव्हतं. तिनं वीरेशकडे बघितलं. तो धडधाकट माणूस तिच्या शेजारी उभा होता, रुंद छातीचा, आणि त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावायचं राहिलं होतं. ते तिनं लावलं. आपण दुसऱ्यांच्या समोर हे करतोय हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

वीरेशनं एकच विचारलं. "मंग काम?"

"आजपासून बंद. धुळीच्या जवळसुद्धा जायचं नाही." त्यांनी काही लपवलं नाही. काम बंद केल्यावर आजार आहे तिथं वर्षानुवर्षं थांबू शकतो. कधीकधी धूळ बंद झाली तरी पुढं सरकतो. तपासत राहावं लागेल.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर वीरेशनं अंघोळ केली, दोन भाकरी खाल्ल्या आणि गाढ झोपला. वर्षाराणी त्याच्या श्वासाला कान लावून पडून राहिली. श्वास नेहमीसारखाच होता, सरळ, खोल. हेच तिला सगळ्यात भयंकर वाटलं.

दोन दिवस तो घरात बसला. आल्यागेल्याला मलप्पाची हकिगत सांगायचा, स्वतःचं नावही काढायचा नाही. गावाकडे आई-वडिलांना कळवू नको, असं त्यानं तिला बजावून ठेवलं. तिसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. धडा अर्धाच राहिला होता आणि पोरं वाट बघत होती.

तिनं टेबलावर शहाबादीचा तुकडा ठेवला. फळ्यावर 'स्तरित खडक' लिहिलं आणि वर्गाकडे वळली. "नद्या आपल्यासोबत माती, वाळू, बारीक कण वाहून आणतात," तिनं सुरुवात केली. "हे कण तळाशी जाऊन बसतात. मग त्यांच्यावर आणखी कण..."

पुढचं वाक्य तिला येत होतं. तोंडातून निघेना. पोरं आधी वाट बघत राहिली, मग एकमेकांकडे बघायला लागली. लुंबिनीला वाटलं, मॅडम आपल्यालाच पूर्ण करायला सांगतायत. ती उभी राहिली आणि तिनं खणखणीत आवाजात म्हणून टाकलं, "थरावर थर साचत जातात, दाब वाढतो, कण एकमेकांना घट्ट चिकटतात आणि त्यांचा दगड बनतो."

"बरोबर," वर्षाराणी म्हणाली. "बस." मग तिनं मुलांना चित्र काढायला सांगितलं आणि तास संपेपर्यंत ती खिडकीशी उभी राहिली.

दुपारी ती घराच्या गल्लीत वळली आणि कटरचा आवाज कानावर आला. हा आवाज ती रोज ऐकत आली होती. या आवाजावर तिनं पेपर तपासले होते, दुपारच्या झोपा काढल्या होत्या. आज ती गल्लीतच थांबली. घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये वीरेश तोंडाला रुमाल बांधून ग्रॅनाईटची पट्टी कापत होता. नांदेडच्या बंगल्याचा ओटा अर्धवट राहिला होता, तोच असणार. पांढऱ्या धुळीचा लोट शेडच्या तोंडातून बाहेर येत होता.

त्याच्याशी भांडायचं असं ती ठरवून आत गेली, पण भांडण तिला सुचलंच नाही. तिनं पर्स खाली ठेवली आणि मशीनच्या अगदी लगत, लोट येतो त्या बाजूला जाऊन उभी राहिली. तोंडावर पदरही घेतला नाही.

वीरेशनं हातानं बाजूला हो म्हणून खुणावलं. ती हलली नाही. धूळ तिच्या केसांवर, पापण्यांवर बसायला लागली. तिला ठसका लागला तरी ती तिथंच.

त्यानं मशीन बंद केलं. "येडी झालीस का? बाजूला सर की."

"तुम्ही कापा," ती म्हणाली. "मी हितंच उभी ऱ्हाते."

"मला काई होऊन नाही राहिलं, वर्षा. खोकला तरी हाय का मला?"

"मलप्पाला बी न्हवता आधी."

वीरेशनं तोंडावरचा रुमाल सोडला. रुमालाखालचा चेहरा तेवढा त्याच्या रंगाचा होता, बाकी सगळा पांढरा. तो कापलेल्या पट्टीवर बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर उपडे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला. मला दुसरं काहीच येत नाही, असं तो हळू आवाजात म्हणाला.  त्याच्या शेजारी जागा होती तिथं ती बसली. संध्याकाळी त्यानं मशीन पोत्यात गुंडाळून वर माळ्यावर टाकलं.

मलप्पा महिनाभरानं गेला. शेवटचे दिवस त्यानं नायगावातच काढले, ऑक्सिजनच्या यंत्राशेजारी, आडवं होता येत नव्हतं म्हणून बसूनच. वीरेश रोज त्याच्याजवळ जाऊन बसायचा.  गावी न्या, एवढंच मलप्पानं सांगून ठेवलं होतं. म्हणून पहाटे त्याला गाडीत घालून सगळे शिरूर अनंतपाळकडे निघाले.

गावात घरासमोर त्याला रीतीप्रमाणे बसवलं. कपाळाला भस्म लावलं, गळ्यात हार घातले, भजनी मंडळी जमली. नीलाबाई त्याच्या पायाशी बसली होती. तिकडे माळावरच्या लिंगायतांच्या दफनभूमीत समाधीचा खड्डा घ्यायचं काम सुरू झालं होतं आणि वीरेश तिकडे गेला. वर्षाराणीला चैन पडेना. बायकांच्या घोळक्यातून उठून तीही मागोमाग गेली.

वरची हातभर माती निघाली होती, मग मुरूम, आणि मुरमाच्या खाली काळा दगड लागला होता. मलप्पाला बसवायला पुरेल एवढी खोली अजून आली नव्हती. खड्ड्यात दोन जण घण आणि सब्बल चालवत होते. उन्हाळ्याचे दिवस, प्रत्येक घावासरशी कोरडा भुगा उडत होता आणि वाऱ्याबरोबर कडेच्या माणसांच्या अंगावर येत होता.

काठावर वीरेशचे वडील नागप्पा उभे होते. गावात त्यांचं किराणा दुकान होतं, आणि पोरगं नांदेड जिल्ह्यात फरशीचं मोठं काम करतं, हे ते दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगत. वीरेशला बघून त्यांना हायसं वाटलं.

"बरं झालं आलास," ते म्हणाले. "ह्यान्ला दगडाची शीर गावून नाही राहिली. तू उतर खाली. तुज्यावानी हात कुणाचा हाय हितं?"

खड्ड्यातल्या एकानं घण वर करून वीरेशकडे धरला. सगळ्यांनी त्याला वाट करून दिली. वर्षाराणी थोडी मागं उभी होती. आपण पुढं व्हावं, काहीतरी निमित्त सांगावं, असं तिला वाटलं. पण वीरेश आधीच बोलायला लागला होता.

"मला न्हाई उतरता येणार, आप्पा."

"कामून?"

"मलप्पाला जे होतं तेच मला हाय. छातीत धूळ बसलीय. डॉक्टरनं फोटो काढून दाखवलाय."

 घण धरलेला हात हळूहळू खाली आला. नागप्पांनी मुलाच्या तोंडाकडे बघितलं, मग त्याच्या छातीकडे, जणू शर्टाच्या आतलं काही दिसेल. त्यांनी वर्षाराणीकडे वळून बघितलं आणि तिनं मान खाली घातली. तेवढ्यानं त्यांना कळलं. ते मुरमाच्या ढिगावर बसले. पटका डोक्यावरून काढला आणि मांडीवर ठेवला.

 वीरेशनं खाली वाकून खड्ड्यातल्या दोघांना वर यायला सांगितलं. त्यांच्या गळ्यातले गमछे मागून घेतले. माळाच्या कडेला हापसा होता, तिथं जाऊन ते भिजवून आणले आणि नाकातोंडावरून मागं घट्ट गाठ मारून त्यांना स्वतः बांधून दिले. दगडाची शीर, म्हणजे तो फुटतो ती रेघ, कुठून कुठं जाते ते काठावरूनच त्यानं बोटानं दाखवलं. मग पिण्यासाठी आणलेली घागर घेऊन तो हापशावर गेला, भरून आणली आणि खड्ड्यातल्या दगडावर हळूहळू ओतली. पाणी टाकलं की धूळ उडत नाही, असं तो कुणाकडे न बघता म्हणाला.

दोघं परत खाली उतरले. ओला झालेला दगड काळाभोर चमकत होता. घण बसला, ठक्क आवाज झाला, कपची निघाली, आणि वर काहीच आलं नाही.

दगड सुकायच्या आत वीरेश पुन्हा घागर घेऊन निघाला. यावेळी माळाच्या मध्यावर तो थांबला. घागर रिकामी होती, तरी त्यानं ती खाली ठेवली, कमरेवर हात देऊन श्वास घेत जरा वेळ उभा राहिला आणि मग उचलून चालू लागला. तो पोचला तेव्हा वर्षाराणी आधीच येऊन हापशाचा दांडा धरून उभी होती. त्यानं घागर नळाखाली लावली. तिनं दांडा ओढायला सुरुवात केली.